रात्री साडेनऊचा भैरव

"रात्री साडेनऊला भैरव कोण वाजवतं रे?"

आई एवढंच म्हणाली. भैरव म्हणजे सकाळचा राग. तेही मान वर न करता, समोर कोथिंबिरीची जुडी, निवडून निवडून डब्यात भरायचं चाललेलं. मी डायनिंग टेबलाच्या पलीकडे गिटार घेऊन बसलो होतो, ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर, अ‍ॅम्प इतका बारीक की त्यातनं येणाऱ्या आवाजापेक्षा पिक तारेवर घासल्याची खरखर जास्त. मला आधी वाटलं बायकोच्या मोबाईलवर काहीतरी चालू असेल, त्याबद्दल बोलतेय. मग कळलं की माझ्याबद्दलच. म्हटलं, अगं भैरव कसला, हे सर्फ आहे. "काय आहे?" सर्फ. सर्फ गिटार म्हणतात याला. तेव्हा मात्र तिने मान वर केली. "कपडे धुवायचं?" लेक खो खो हसत सुटली, तिला ललिताजी वगैरे कोण ते माहीत असायचं कारण नाही पण आजीने बाबाची काहीतरी जबरदस्त काढली एवढं तिला बरोबर कळतं. मी पण हसलो. आई परत कोथिंबिरीकडे वळली आणि विषय संपलाय अशा आवाजात म्हणाली, "असेल काय असायचं ते. रिषभ कोमल, गंधार शुद्ध, धैवत कोमल. चलन भैरवाचं नाहीये पण सूर त्याचेच आहेत. आणि तो रिषभ असा खिळा ठोकल्यासारखा काय ठेवलायस, हलू दे की जरा त्याला."

खिळा ठोकल्यासारखा. रात्री दात घासताना पण तेच डोक्यात.

कारण तो तुकडा मी दोन वर्षं वाजवत होतो हो. रोज. ऑफिसमधनं आलो की चहा आणि मग तो तुकडा. मिसिरलू. नाव माहीत नसेल तरी तुम्ही ऐकलेलं आहे, पैज लावतो. १९९४ चा पल्प फिक्शन आम्ही हॉस्टेलवर दोन-तीन वर्षांनी बघितला, कुणाच्या तरी कुणाकडनं आलेली कॅसेट, चित्रात पाऊस पडत होता इतकी घासलेली, आणि सुरुवातीला नावं यायला लागली आणि ते गिटार सुरू झालं. मला तेव्हा ते गिटार आहे हेच कळलं नव्हतं. वाटलं मशीन असेल, कीबोर्डवर काहीतरी सेटिंग करून ठेवलं असेल. माणसाचा हात एवढा पळू शकतो हे डोक्यातच आलं नाही. पुढे नोकरी, लग्न, मग अमेरिका, आणि योगायोग असा की ज्या भागात हे सर्फिंगवाल्यांचं संगीत जन्माला आलं तिथेच, कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत, येऊन पडलो. तरी पंधरा वर्षं काही केलं नाही. मग लॉकडाऊनमध्ये लोकांनी डालगोना कॉफी केली, ब्रेड भाजले, मी एक सेकंडहँड स्क्वायर गिटार घेतलं.

करायचं काय असतं, तर सांगायला फार सोपं. एका तारेवर पिक खाली-वर, खाली-वर, न थांबता. डबल पिकिंग म्हणतात. सतारवाले दा रा दा रा म्हणतील. डाव्या हाताला तर जवळपास सुट्टीच आहे, सगळ्यात जाडी तार, आधी मोकळी, मग पहिला फ्रेट, म्हणजे पडदा, तिथनं थेट चौथ्यावर उडी, मग पाचवा, सातवा, असं. लहान मूल करेल. सगळा खेळ उजव्या हाताचा. आणि उजव्या हाताला काय होतं ते मी सांगतो. पहिल्या दहा सेकंदांत काहीच होत नाही, तुम्हाला वाटतं आपण जन्मजात आहोत. मग कोपरापासून मनगटापर्यंत आतून कोणीतरी इस्त्री फिरवल्यासारखं गरम व्हायला लागतं. मग अंगठा आणि तर्जनीच्या मधलं पिक हळूहळू फिरायला लागतं, घाम आलेला असतो, ते तिरकं होतं, टोकाऐवजी खांद्यावर वाजायला लागतं, तुम्ही ते अजून घट्ट धरता, घट्ट धरलं की मनगट आखडतं, मनगट आखडलं की हात कोपरापासून हलायला लागतो आणि मग जे काही वाजतं त्याला दळण म्हणतात. माझी भिंत होती १३२. मेट्रोनोमच्या एका टिकटिकीत चार स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ. १३० ला ठीक, १३२ ला हात लाकडाचा. आठ महिने १३२. भिंतीवर कॅलेंडर लावून आकडे लिहायचो, बायकोला वाटायचं ब्लडप्रेशर लिहितोय.

मी ज्यांच्याकडे शनिवारी शिकायला जातो ते गृहस्थ सत्तरीचे आहेत. आयुष्यभर प्लंबिंग केलं, ऐंशीच्या दशकात हे सर्फ प्रकरण परत जरा जोरात आलं तेव्हा एका बँडमध्ये वाजवायचे. बोटं माझ्या दुप्पट जाड. त्यांच्या गराजमध्ये पाईप, व्हॉल्व्ह, कुठल्या तरी टाकीचं झाकण आणि त्या सगळ्यात मधोमध एक क्रीम कलरचा जुना अ‍ॅम्प. पहिल्या दिवशी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तू मारतोयस तारेला. कशाला मारतोस? तार तिथेच आहे, पळून नाही चाललेली. मग बेसिनवर नेलं, हात ओले करायला लावले आणि म्हणाले टॉवेल नाहीये, काय करशील? मी हात झटकला. हां, म्हणाले, हेच. एवढंच. मला वाटलं चला, जमलं, किती सोपं. घरी येऊन गिटार हातात घेतलं आणि पुन्हा लाकूड. पाणी झटकताना आपल्याला काही सिद्ध करायचं नसतं ना.

आता ते मिसिरलू वाजवणाऱ्या डिक डेलबद्दल लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. माणूस बोस्टनचा, जन्म १९३७, वडील लेबनीज. खरं नाव रिचर्ड मॉन्सूर. शाळेचं शेवटचं वर्ष उरलं असताना घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियात आला, सर्फिंग शिकला, आणि डावखुरा असल्यामुळे उजव्या हाताचं गिटार तसंच उलटं धरून वाजवायला लागला, तारा न बदलता, म्हणजे जाड्या तारा खाली आणि बारीक वर. कुणी सांगितलंच नाही की हे चुकतंय. त्याचे काका ऊद वाजवायचे, अरबी लोकांचं ते मोठ्या पोटाचं, आखूड मानेचं वाद्य, आणि त्याच्यावर लांब पिसासारख्या पट्टीने सपासप स्ट्रोक मारतात. तर गोष्ट तो अशी सांगायचा की एका लहान पोराने त्याला विचारलं, तुला एका तारेवर अख्खं गाणं वाजवता येईल का? हा म्हणाला उद्या ये. आणि रात्रभर बसून आठवत राहिला तेव्हा काकांनी ऊदवर वाजवलेलं मिसिरलू आठवलं. सावकाश चालीचं गाणं होतं ते, ग्रीक, तुर्की, अरब सगळ्यांचंच, भूमध्य समुद्राच्या त्या टोकाला सगळीकडे हिंडलेलं, अर्थ 'इजिप्तची मुलगी'. याने ते उचललं आणि पळवलं. १९६२ ला रेकॉर्ड आली. हे सगळं मला तोंडपाठ होतं. काका, ऊद, लेबनॉन, सगळं. चारचौघांत सांगून झालेलं. त्या चालीत सा रे ग म काय लागतात हा प्रश्न मात्र मला एकदाही पडला नव्हता, आणि मी कुणाच्या पोटी जन्मलो तर गाण्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिलेल्या बाईच्या.

हे जास्त टोचलं असावं.

आमच्या घरात गाणं म्हणजे आई. गिरगावात एका बाईंकडे शिकायची, लग्न झालं, डोंबिवलीला आली, क्लास सुटला, पण सकाळी तानपुऱ्याचे दहा-पंधरा मिनिटं सुटले नाहीत. रविवारी सोसायटीतल्या चार मुली यायच्या शिकायला. मी लहानपणी एक खेळ करायचो. आईने सा लावला की मी माझा श्वास कोंडून धरायचो, बघू आधी कोण सोडतं. दरवेळी मीच. गाल फुगवून, डोळे बाहेर येईपर्यंत थांबायचो आणि तिकडे तिचा सा आपला शांत चाललेला, खिडकीतनं दूधवाल्याच्या कॅनचा आवाज, खाली रिक्षा, आणि त्या सगळ्यातनं एक सरळ रेघ. मला गाणं आलं नाही. म्हणजे शिकवलं तिने, मी पळालो. मला आवडायचं ते खाली रस्त्यावरचं.

खाली रस्त्यावरचं म्हणजे बेंजो. गणपतीत ट्रकवर जनरेटर, त्याला लावलेले कर्णे, मागे ढोल-ताशे किंवा कच्छी बाजा, आणि मध्ये एक माणूस खुर्चीवर बसून मांडीवर ते लाकडी खोकं घेऊन. मूळ जपानचं वाद्य, आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं, त्यात कुणीतरी पिकअप बसवला, वायर जोडली आणि तो आपला बेंजो झाला. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात प्लॅस्टिकचा तुकडा, तो तारांवर खाली-वर, खाली-वर, इतका भरभर की तुकडा दिसायचाच नाही, नुसता पंख्यासारखा धुरकट आकार. त्यावर एको. कोळीगीतं तर अशी वाजायची की पायाखालचा रस्ता ओला वाटावा. मी मिरवणुकीत नाचायला जायचो ते नावाला, बहुतेक वेळ ट्रकच्या कठड्याला धरून त्या माणसाच्या उजव्या हाताकडे बघत चालायचो. आणि तो माणूस बघायचा दुसरीकडेच! बिल्डिंगच्या गॅलऱ्यांत कोण उभं आहे, कोण फुलं टाकतंय. एकदा तर उजवा हात चालू आणि तोंड बाजूला करून कुणाला तरी वडापाव आणायला सांगत होता. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, ते काय वाजवणं आहे, नुसता गोंगाट. आमच्या घरात बेंजो म्हटलं की नाक मुरडायची पद्धतच होती, मी पण पुढे मुरडायला शिकलो. चांगलाच शिकलो. इतका की तीस वर्षांनी हजार डॉलरचा अ‍ॅम्प घेऊन समुद्राकाठच्या लोकांचं भरभर पिकिंग आणि एको शिकायला एका अमेरिकन प्लंबरकडे जातोय हे लक्षातही येऊ नये.

तर त्या कोथिंबिरीच्या रात्रीनंतर मी गंमत म्हणून वेग अजून खाली आणला. ४०. मेट्रोनोमचे दोन ठोके पडेपर्यंत माणूस दुसरा विचार करून येतो. आणि तसं वाजवलं तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं की दर स्ट्रोकनंतर सूर मरतो. म्हणजे पिक लागलं की टण, आणि लगेच उतार. कितीही जाड तार असो. गळ्याचं तसं नाही, बासरीचं नाही, सारंगीचं नाही, तिथे हवा आहे, गज आहे, तुम्ही देत राहाल तोपर्यंत सूर राहतो. आपल्या या छेडायच्या वाद्यांचं जन्मतःच दुखणं आहे हे, सूर लागला रे लागला की विझायला सुरुवात. मग त्याच्यावर प्रत्येकाने आपापला इलाज काढलेला. मेंडोलिनवाला थरथर हात चालवतो, सतारवाला झाल्यात चिकारीच्या बाजूच्या तारा वाजवत ठेवतो, ऊदवाल्या काकांची सपासप, बेंजोवाल्याचा पंखा. मी दोन वर्षं याला शर्यत समजत होतो. आधीचा विझायच्या आत पुढचा पेटवायचा, काडीवर काडी, एवढ्यासाठी तो हात पळत असतो.

आणि गंमत म्हणजे डेलचं पण दुखणं हेच होतं. त्याच्या गिटारवरच्या तारा बघितल्यात तर वेडेपणा वाटेल. गिटारवाले जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, सर्वसाधारण माणूस सगळ्यात बारीक तार ९ किंवा १० ची लावतो, याची सगळ्यात बारीक १६ आणि सगळ्यात जाडी ६०. मी हौसेने १२ चा सेट लावला तर गिटारची मान वाकली, ती आतली सळई, ट्रस रॉड, पिळून सरळ करेपर्यंत अर्धा रविवार गेला. याची पिकं वाजवता वाजवता झिजून जायची. अ‍ॅम्प तर ते बनवणाऱ्या लिओ फेंडरने द्यायचे आणि याने जाळायचे असं चाललेलं, त्यातनं शेवटी तो १५ इंची स्पीकरचा मोठा शोमन अ‍ॅम्प निघाला. पण मला आवडते ती रिव्हर्बची गोष्ट. सर्फ म्हटलं की तो जो ओला, खोल, विहिरीत टाकल्यासारखा आवाज येतो तो रिव्हर्ब, आवाज स्प्रिंगा ताणलेल्या डब्यातनं फिरवून आणायचा, बस. अ‍ॅम्पला चुकून लाथ लागली तर त्या स्प्रिंगा अशा कडाडतात की शेजारी वीज पडल्यासारखं वाटतं. सगळ्यांना वाटतं डेलने तो गिटारसाठी करून घेतला, लाटांचा आवाज यावा म्हणून. तो स्वतः सांगायचा की त्याला तो गाण्यासाठी हवा होता. गाताना त्याचा आवाज सपाट जायचा, कंप नव्हता, सूर लांबवता यायचा नाही. गळ्याला टेकू म्हणून हवा होता तो डबा. गिटार नंतर जोडलं.

हे मी आईला सांगितलं ते बाल्बोआला, इथल्याच समुद्रकाठी. एका रविवारी घेऊन गेलो तिला, साडी, त्यावर स्वेटर, पायात स्नीकर. तिथे रॉन्देव्हू बॉलरूम, म्हणजे नाचाचा हॉल, होता, १९६१ च्या उन्हाळ्यात डेल तिथे वाजवायला लागला आणि हजारोंनी पोरं यायला लागली. परवानगी मिळताना म्हणे अट पडली की टाय लावल्याशिवाय आत सोडायचं नाही, तर ही पोरं दारात मिळेल तो टाय गळ्यात अडकवून अनवाणी पायांनी आत जायची. आता काही नाही तिथे. १९६६ मध्ये बॉलरूम जळाला, त्या जागेवर घरं आहेत, आणि एक पाटी. मी पाटीचा फोटो काढला, आईने माझा फोटो काढला, त्यात माझं डोकं अर्धं आलंय. मग फेरीच्या धक्क्याजवळ तिला ते चॉकलेटात बुडवलेलं गोठलेलं केळं खाऊ घातलं. "केळं. फ्रीजमधलं. याचे एवढे पैसे?" तरी संपवलं. वारा खूप होता, बाकावर बसून समुद्राकडे बघत म्हणाली, इथला समुद्र वासच मारत नाही रे, मासळी नाही काही नाही, धुतल्यासारखा. मी म्हटलं, सर्फ. तिला तो विनोद तेव्हा कळला नाही, गाडीत बसल्यावर कळला. पण काकांची गोष्ट तिने नीट ऐकली. "म्हणजे काकांकडनं घेतलं त्याने." हो. "आणि काकांनी कुणाकडनं तरी." असेल. "मग घराणं आहे की," असं म्हणून तिने केळ्याची काडी पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली, कचऱ्याचा डबा समोर असताना.

सकाळी सहाला गेस्टरूमचं दार बंद असायचं आणि आतनं मोबाईलवरचा तानपुरा. मी त्याच वेळी उठतो, कॉफी लावतो, आणि आधीचे काही दिवस मी लक्षच दिलं नाही. मग एक दिवस कॉफीमशीन बंद होतं आणि ऐकू आलं. सा लागायचा, बरोबर जागेवर लागायचा, आणि चार-पाच सेकंदांनी तुटायचा. श्वास घेतल्याचा आवाज. परत सा. परत तुटला. परत. मी पॅसेजमध्ये उभा होतो, हातात मोकळा मग, आणि सवयीने श्वास कोंडलेला. मला गाल फुगवावे पण लागले नाहीत. खूप वेळ उभा राहिलो असेन कारण बायको जिना उतरत आली आणि म्हणाली, काय झालं? काही नाही म्हटलं, कॉफी लावतोय.

जेवताना मी विचारलं नाही काही. काय विचारणार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तुझा श्वास पुरत नाही का असं विचारायचं असतं का? तिनेच दोन-तीन दिवसांनी विषय काढला, वेगळाच. मी गिटार ट्यून करत होतो. "ती जाडी तार कशात लावलीयेस?" ई. "आपल्यात सांग." मी मनात पेटी आणली, बोट ठेवून मोजलं, पांढरी तीन. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझी पण आता तीच झालीय. काळी चार होती." पट्टी खाली उतरल्याचं, जसं चष्म्याचा नंबर सांगावा तसं. आणि मोबाईलचा तानपुरा लावून माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली.

मी मेट्रोनोम बंद केला. जाडी तार मोकळी, अगदी हळू आवाजात, नुसतं खाली-वर. काही ठरवलं नव्हतं. ती वरच्या सप्तकात सा लावायची, मी खालच्या, तिचा तुटायचा तेव्हा खाली माझा चालूच असायचा, ती श्वास घेऊन परत त्यावर येऊन बसायची. मग रिषभावर गेली. मी पहिल्या फ्रेटवर. "हलव." कसा हलवू, या जाड तारेला त्या जागी ओढून वाकवायचं म्हणजे बोट कापून घ्यायचं. मग आठवलं, अरे या गिटारला दांडी आहे की. ट्रेमोलो म्हणतात तिला, खरं तर फेंडरने नावाची गल्लत करून ठेवलीय, ट्रेमोलो म्हणजे आवाजाचं कमी-जास्त होणं आणि या दांडीने सूर वर-खाली होतो, पण साठ-सत्तर वर्षं तेच नाव चाललंय. पिकिंग चालू ठेवून करंगळीने ती दांडी हळूच दाबली, सोडली, दाबली, सोडली. रिषभ झुलायला लागला. आईने डोळे मिटले होते, एक भुवई वर गेली. "जरा जास्त होतंय. भूत आल्यासारखं." मी कमी केलं. "हं." एवढंच. आमच्या घरात 'हं' म्हणजे बरंच काही असतं. किती वेळ चाललं माहीत नाही, लेक तिच्या खोलीतनं बाहेर आली, बघून परत गेली, आणि मला मध्येच जाणवलं की मी खिडकीबाहेर शेजाऱ्याच्या गॅरेजच्या दिव्याकडे बघतोय. हात आपला खाली चालू होता.

आता तुम्हाला वाटेल भिंत फुटली. दुसऱ्या दिवशी मलाही तेच वाटलं, घाईघाईने मेट्रोनोम लावला. १३६. आठ महिन्यांनी चार आकडे. त्याच्यापुढे परत लाकूड. शनिवारी गुरुजींना दांडीचा प्रकार वाजवून दाखवला, त्यांना मजा वाटली, म्हणाले हे डेलचं नाहीये, पण कुणाचं तरी आहे. आणि मग परत बेसिनकडे बोट दाखवलं.

सप्टेंबरच्या शेवटी आई परत गेली. एअरपोर्टवर व्हीलचेअर घ्यायला तयार नव्हती, मग घेतली, आणि बसल्यावर एकदम राणीसारखी गेली. गेस्टरूमच्या उशीखाली तिचा रुमाल राहिला, आणि ड्रॉवरमध्ये ती केळ्याची काडी, धुऊन पुसून ठेवलेली. कशासाठी ते तिलाच माहीत. पहिले काही दिवस मी गिटारला हातच लावला नाही, लावावंसं वाटलं नाही म्हणा किंवा ते भूत खरंच यायला नको म्हणून म्हणा.

परवा ऑफिसमधनं आलो, चहा झाला, साडेसहा वाजले होते, बाहेर अजून उजेड. व्हिडिओ कॉल लावला तर तिकडे डोंबिवलीत आई नुकती अंघोळ करून बसलेली, मागे खिडकीत ऊन, रिक्षाचे हॉर्न. मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि काही न बोलता जाडी तार सुरू केली, मग पहिला फ्रेट, दांडी, सावकाश. तिने मोबाईल इतका जवळ आणला की स्क्रीनवर नुसता कान दिसायला लागला.

"किती वाजले तिकडे?"

साडेसहा. संध्याकाळचे.

"इथे सात. सकाळचे," कान म्हणाला. "हां, आता वेळेवर वाजवतोयस. थांब, गॅस बंद करून येते, सुरुवातीपासून घे."